माझी ओळ कोणी उचलली

बल्लारशाच्या स्टेशनवर बाबा मला सोडायला आले ते प्लांटच्या कपड्यांतच. सेकंड शिफ्ट होती, मला गाडीत बसवून त्यांना परस्पर ड्युटीवर जायचं होतं. ऊर्जानगरपासून आम्ही मोटरसायकलवर आलो. टाकीवर माझी बॅग, मध्ये बाबा, मागे मी आणि माझ्या पाठीवर गिटार. आईला गाडीवर जागा नव्हती. ती क्वार्टरच्या फाटकाशी उभी राहिली आणि जवसाच्या चटणीचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "सांडू नको देजो, तेल हाय त्याच्यात." मी नोकरीला हैदराबादला निघाले होते, परत कधी येईन ते मलाच माहीत नव्हतं, आणि हिला तेलाची काळजी.

गाडी लेट होती. बाबांनी दोन समोसे आणले, एक मला दिला. बाकड्याला टेकवलेल्या गिटारकडे बघत म्हणाले, "हे बी घेऊन जाऊन राह्यली काय?" मी हो म्हटलं. "बरं हाय. हे एकटीनं वाजवता येते. कोणाची गरज नाई पडत." मग गाडी आली, त्यांनी बॅग वर ठेवली, जय भीम म्हणाले आणि गाडी सुटायच्या आधीच निघून गेले, कारण शिफ्टला उशीर होत होता. ते वाक्य त्यांनी समजूत म्हणून म्हटलं की टोमणा म्हणून, यावर मी हैदराबादेत कितीतरी संध्याकाळी घालवल्या. आता वाटतं, दोन्ही नव्हतं. वेळ काढायला माणूस काहीतरी बोलतो, तसं ते बोलले.

प्लांटच्या कॉलनीतून गेलेल्या पोरींनो, आणि ज्या गेल्या नाहीत त्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. आपण सगळ्या अशा घरांतून निघालो जी आपली नव्हतीच. बाप रिटायर झाला की क्वार्टर सोडायचं, दारावरची पाटी काढायची, आणि मागच्या अंगणात आईने लावलेला कढीपत्ता पुढच्या माणसाच्या नावावर. बाकीचे लोक गाव सुटलं म्हणून रडतात. आपल्याला रडायला गावही नाही, नुसता ब्लॉक नंबर आहे.

तर बाबांची पार्टी, म्हणजे गाण्याची. बाबा वीज बनवणाऱ्या प्लांटमध्ये फिटर होते, पण चंद्रपूरपासून गडचिरोलीपर्यंत लोक त्यांना गायक म्हणून ओळखत. जयंती असो, धम्मचक्र दिन असो, कुठे नवीन विहार बांधून झालेलं असो, भीमगीतांच्या कार्यक्रमासाठी बाबांना बोलावणं यायचंच. पेटीवर बाबा, एक ढोलकवाला, एक बेंजोवाला आणि मागे चार माणसांचा कोरस, सगळे प्लांटमधलेच. गाण्याची पद्धत अशी की बाबा एक ओळ म्हणणार आणि कोरस तीच ओळ उचलणार. कोरसने ओळ उचलली की तेवढ्या वेळात बाबा श्वास घेणार, पाण्याचा घोट घेणार, पुढच्या रांगेतल्या पाहुण्याकडे बघून मान हलवणार. बाबांचा दम मोठा आहे असं सगळे म्हणत. दम चौघांचा होता, नाव बाबांचं होतं.

तालीम आमच्या पुढच्या खोलीत चालायची. आई आतून चहा पाठवायची, मी कणीक मळता मळता कोरसच्या सुरात सूर मिसळायची. बाबांनी स्वतः रचलेलं, सगळ्यात गाजलेलं गाणं बाईवर होतं.

"उघड माये दार, बाहेर उजाडलं,
चुलीपाशी बसून तुझं वय गेलं."

पहिली ओळ बाबा म्हणत, तीच कोरस उचलत असे, आणि मग दुसरी ओळ सगळ्यांनी मिळून. या गाण्याला बाया हटकून पदर डोळ्याला लावायच्या. हे गाणं बसवलं गेलं आमच्या पुढच्या खोलीत आणि त्या वेळी माझी आई भिंतीपलीकडे त्याच मंडळींसाठी चहा गाळत होती. मी विनोद करत नाहीये. त्या खोलीतल्या एकाही माणसाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मी नववीत असताना कोरसमधल्या ढेंगरे काकांची ड्युटी आडवी आली आणि भद्रावतीच्या कार्यक्रमाला माणूस कमी पडला. बाबांनी विचारलं, "येते का तुले?" मला सगळं येत होतं, ढेंगरे काका शब्दाच्या शेवटी देतात ती मुरकीसुद्धा. त्या दिवशी मी पहिल्यांदा चार माणसांच्या आवाजात आपला आवाज टाकून बघितला. माझा आवाज मला ऐकूच येईना, आणि तरी तो तिथे होता. त्याच्याइतकं सुख मला त्या वयात दुसऱ्या कशाने दिलं नाही. त्यानंतर दोनेक वर्षं मी कोरसमध्ये बसले.

मग जिवतीचा कार्यक्रम झाला. डोंगरातलं गाव, समोर भरगच्च माणसं. गाणं रंगलं आणि मागून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, पोरीले म्हणू द्या ना एक!" लगेच दुसरा ओरडला, मग बऱ्याच जणांनी लावून धरलं. बाबा हसून म्हणाले, "पोरगी लहान हाय अजून," आणि पुढचं गाणं सुरू केलं. पुढच्या कार्यक्रमाला टेम्पोत माझ्या जागी दुसरा माणूस बसलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, "आता बस झालं. गाणारीले लोक ऐकतात, घरी नाई नेत." नागपूरहून गाण्याच्या मुकाबल्याला गायिका यायच्या त्यांना हेच बाबा स्टेजवर ताई ताई म्हणून हात जोडायचे. आई मला म्हणाली, "बाबा म्हणतात तं ऐक."

माझं ऐकणं असं झालं की मी कोणाबरोबर गाणंच सोडलं. कॉलनीच्या क्लबच्या अडगळीत एक तुटकी गिटार होती, ती मागून आणली, तारा बसवल्या आणि मागच्या अंगणात मोबाईलवर बघून बघून शिकले. असंच एकदा ब्लूज कानावर पडलं. कोणी एक काळा म्हातारा खुर्चीवर बसून, टाचेने जमिनीवर ताल धरून गात होता. इंग्रजी मला अर्धं कळलं, गाण्याचा साचा मात्र पुरता कळला. पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, मग तिसरी ओळ तिच्यावर उत्तर म्हणून. हे तर बाबांचंच गाणं होतं! फरक एवढाच की आमच्याकडे दुसऱ्यांदा ओळ म्हणायला कोरस होता, या म्हाताऱ्याला कोणी नव्हतं, म्हणून तो आपली ओळ आपणच उचलत होता. शेतात राबवल्या गेलेल्या, माणसात न धरलेल्या लोकांचं ते गाणं आहे हे मी नंतर वाचलं. आमच्या घरात ते समजवायला फार शिकवणी लागली नसती, पण घरात ऐकणार कोण होतं?

हैदराबादेत मी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीला लागले. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याला मेल टाकायचा, माझ्या स्वभावाला अगदी मानवणारं काम. कुकटपल्लीत भाड्याची खोली, शनिवारी एखाद्या कॅफेत गिग. उजव्या पायात घुंगरू बांधायचे, टाचेखाली लाकडी खोकं ठेवायचं, अंगठ्याने खालच्या तारा, बोटांनी वरच्या, आणि वर गाणं. पोस्टरवर लिहायचे सोलो आर्टिस्ट. कोणी म्हणालं की तुझ्याबरोबर बेस वाजवू का, तर मी म्हणायची जागा नाही. आणि खरंच नव्हती. माझ्या गाण्यात मी एवढीशी फट ठेवत नव्हते. कोणाची गरज नाही हे मी बाबांना लांबून दाखवून देत होते, आणि बाबा तर कॅफेत आलेले नव्हते.

तिथल्या मराठी लोकांच्या एका गणेशोत्सवात एकदा गेले. एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुमचं ते मले-तुले किती गोड वाटतं, पुन्हा म्हणा ना." पुन्हा गेले नाही. ऑफिसात इंग्रजी, रस्त्यावर हैदराबादी हिंदी, फोनवर आईशी आपलं. हळूहळू आपलं फक्त फोनपुरतं उरलं.

त्याच सुमारास बाबा रिटायर झाले. चंद्रपुरातच मूल रोडकडच्या लेआउटमध्ये, म्हणजे नव्या प्लॉटांच्या वस्तीत, त्यांनी घर बांधलं होतं, तिकडे सामान हलवायला मी आले. बाबांनी स्क्रू-ड्रायव्हरने पाटी काढली. तिच्यामागे भिंतीचा जुना हिरवा रंग तेवढ्या आकारात शाबूत होता. परतीच्या गाडीत मी माझं पहिलं मराठी गाणं लिहिलं, "क्वार्टर गेलं, पाटी गेली, मले कोणी सांगा ना, कोणाची मी." कॅफेत त्यातली प्रत्येक ओळ मीच दोनदोनदा म्हणायची. कोणाला शब्द कळायचे नाहीत, त्यामुळे टाळ्या भरपूर पडायच्या.

डेस्मंड अंकल पहिल्यांदा तिथेच भेटले. रेल्वेतून मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले, सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये जन्म गेलेला, खिशात माउथ ऑर्गन. गिग संपल्यावर माझ्याजवळ आले. मी नेहमीचं जागा नाही सुरू करणार तेवढ्यात म्हणाले, "बेटा, सवाल भी तुमीच पूछते, जवाब भी तुमीच देते. फिर हम लोगाँ यहाँ बैठके क्या करना?" मला राग आला. मग मी चंद्रपूरची म्हटल्यावर ते हसले. आयुष्यभर बल्लारशाच्या रनिंग रूममध्ये, गाडीवरच्या लोकांच्या मुक्कामाच्या खोलीत, झोपून त्यांची पाठ मोडली होती. "बल्लारशा की गर्मी में इंजन भी रोता बेटा." बल्लारशाच्या उन्हाला शिव्या देणारा माणूस त्या शहरात मला पहिल्यांदाच भेटला होता. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले.

पहिली बैठक वाया गेली. मी ओळ म्हणायची आणि तोंड मिटायच्या आत माझी बोटं तारांवर उत्तर देऊन मोकळी. अंकल माउथ ऑर्गन ओठांपाशी न्यायचे आणि परत खाली ठेवायचे. शेवटी त्यांनी तो खिशातच घातला आणि उस्मानिया बिस्किटं खात बसले, चेहऱ्यावर जराही राग नाही. त्याची मला जास्त लाज वाटली. मग मी ओळ म्हटली, "मले कोणी सांगा ना, कोणाची मी," आणि डावा तळवा तारांवर दाबून धरला. बोटं अक्षरशः शिवशिवत होती. त्या थांबण्यात अंकलनी तीच ओळ माउथ ऑर्गनवर वाजवली. शब्द त्यांना कळत नव्हते, पण माझी ओळ होती, अख्खी, शेवटच्या हेलासकट. आणि मी श्वास घेतला. पोरींनो, इतकी वर्षं मी गाण्याच्या मध्ये श्वास चोरून घेत होते, त्या दिवशी पोटभर घेतला. मी हसायला लागले ते थांबेना. अंकलची बायको आतून बघायला आली.

व्यंकटी नंतर आला. गडचिरोलीच्या टोकाच्या सिरोंच्याचा, हैदराबादेत एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन, ढोलक वाजवणारा. माझं गाणं ऐकून कॅफेच्या काउंटरशी येऊन म्हणाला, "तुमी चंद्रपूरच्या का? मले वाटलंच, असं रडणं इकडचं नाई." घरी तेलुगू, शाळेत मराठी, त्यामुळे तो दोन्ही एकाच वाक्यात बोलतो. मी घाई केली की "ताई, कोंचम थांबा ना" म्हणतो, म्हणजे जरा थांबा. आम्ही तिघं अंकलच्या ओसरीवर बसतो, इराणी चहा होतो, भांडणं होतात. अंकलना सगळं सावकाश हवं असतं, व्यंकटीला सगळं जलद. माझ्या गाण्यांत ते दोघं शिरले आणि गाणी माझ्या एकटीची राहिली नाहीत, तरी मला काही गमावल्यासारखं वाटेना. उलट एखाद्या ओळीला मी मुद्दाम थांबते, बघू आज दोघांपैकी कोण उचलतो म्हणून. मला हे सुख एका निवृत्त गार्डाने आणि एका लॅबवाल्याने दिलं, परक्या गावात. जिथे ते फुकट मिळत होतं तिथून मला उठवलं होतं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

मागच्या वर्षी बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एखादाच शब्द, तोही ओढून आणल्यासारखा. पार्टी तर आधीच पांगली होती. ढोलकवाला भद्रावतीला मुलाकडे, ढेंगरे काका वारले, बाकीचे कुठे कुठे. व्यंकटी म्हणाला, दवाखान्यात असे पेशंट बघितलेत, बोलता येत नाही पण गाणं लावलं की शब्द येतात. मी ते धरून बसले. नागपूरला आमचा कार्यक्रम होता, परतताना आम्ही तिघं चंद्रपूरला उतरलो. मला एवढंच हवं होतं की मी ओळ म्हणावी आणि बाबांनी ती उचलावी. माफी, कौतुक असलं काही मला नको होतं.

लेआउटच्या घरात बाबा खुर्चीवर बसले होते, पेटी कपाटावर कापडात गुंडाळलेली. अंकलनी बल्लारशाच्या गोष्टी सांगितल्या, बाबा तोंडाच्या एका बाजूने हसले. मग आम्ही वाजवायला लागलो. व्यंकटीच्या ढोलकवर बाबांच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीवर नाचायला लागली आणि मला वाटलं, जमलं! मी त्यांचंच गाणं धरलं.

"उघड माये दार, बाहेर उजाडलं."

आणि थांबले. बाबा व्यंकटीच्या हातांकडे बघत होते. अंकल थांबले होते, व्यंकटी नुसता ताल राखून होता. मी परत तीच ओळ म्हटली, त्यांच्याकडे बघून, आणि परत थांबले.

ओळ उचलली गेली, पण आतून, स्वयंपाकघरातून. आईचा आवाज. पार्टीच्याच सुरात, कुठे अडखळणं नाही, आणि शेवटी "उजाडलं"वर ढेंगरे काकांची ती मुरकी. मी आईला साधं गुणगुणतानाही कधी ऐकलं नव्हतं. ती ओल्या हातांनी दारात आली, डोळे माझ्यावर, पुढच्या ओळीसाठी छाती भरलेली. बाबांनी डावा हात वर केला, पंजा उघडा. पार्टीत गायकाने तसा पंजा दाखवला की कोरसने जागच्या जागी तोंड मिटायचं असतं. आईने तोंड मिटलं. चाळीस वर्षं ती त्या पार्टीत नव्हती, पण पार्टीची शिस्त तिच्या अंगात होती. आईच्या ओळीबरोबर अंकलनी सूर धरला होता, त्यांना ती खूण माहीत नव्हती, ते बिचारे वाजवत राहिले. "चुलीपाशी बसून तुझं वय गेलं" ही ओळ मी एकटीने म्हटली आणि गाणं संपवलं.

बाबांनी व्यंकटीला जवळ बोलावलं. त्याचा हात धरून, एकेक शब्द उपसत म्हणाले, "चांगला... वाजवतं. माह्या... पार्टीत... पाह्यजे होता तू." लकव्यानंतरचं हे त्यांचं सगळ्यात लांब बोलणं, असं आईने नंतर सांगितलं, आणि त्याचा तिला आनंदच झाला होता. माझ्याकडे बघून बाबा काही म्हणाले नाहीत. व्यंकटीने मान खाली घातली.

मी आत गेले. "आई, तुले सगळं येते?"

"ऐकून ऐकून येते."

"मंग कधी म्हटलं काऊन नाई?"

"मले कोणी म्हण म्हटलं काय कधी?" आवाजात तक्रार नव्हती, मी काही भलतंच विचारल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "थे अंकल तिखट खाते का?"

मी म्हटलं, चाल माझ्यासंगं हैदराबादले, महिनाभर तरी. ती म्हणाली, "अन् याईले कोण खाऊ घालीन?" मी बाबांवर रागावले आहे, आणि बाबांना घास भरवावा लागतो, आणि तो आई भरवते. या तीन गोष्टी एका घरात राहतात, त्यांच्यात माझं काही चालत नाही.

घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी अंकलच्या ओसरीचं नाव सांगते. ते खोटं नाही. क्वार्टर दुसऱ्याचं झालं, लेआउटचं घर बाबांचं आहे, कुकटपल्लीची खोली घरमालकाची. माझी ओळ जिथे कोणी उचलतं ती जागा माझी, असं मी स्वतःला समजावलंय, आणि बरेचदा पटतंही. फोनवर आईला म्हटलं की म्हण ना एकदा, तर म्हणते, "बाबा झोपले हायेत." दुपारी केला तरी तेच, संध्याकाळी केला तरी तेच.

बाबांचं ते गाणं आम्ही आता प्रत्येक कार्यक्रमात घेतो. बसवताना अंकलनी विचारलं होतं, पहली लाइन के बाद क्या देना? मी म्हटलं, काही नाही. व्यंकटीनेही तिथे हात उचलून धरायचा. मी ओळ म्हणते आणि मग कोरसला लागतो तेवढा वेळ आम्ही तिघंही गप्प असतो. कॅफेतले लोक कपावरून मान वर करून बघतात. त्यांना वाटतं, आम्ही विसरलो.